सगळं एकातच : एका तडजोडीचा इतिहास

गेल्या डिसेंबरात आई-बाबांना घेऊन दापोलीला गेलो होतो. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघायला थांबलो. समोर सुवर्णदुर्ग, होड्या, मासळी वाहणाऱ्या बैलगाड्या, त्यामुळे कॅमेऱ्यावर ५५-२०० लावलेली. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या आईच्या पायावर लाट आली आणि ती साडी सावरत लहान मुलीसारखी खळखळून हसली. "आई, थांब थांब!" म्हणत मी बॅगेतून १८-५५ काढली, टोपणं सांभाळली, लेन्स बदलली... तोवर लाट परत गेली होती आणि आई "काय रे, काय झालं?" विचारत होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच समुद्रावर आली होती. तो फोटो हुकला तो हुकलाच.

"मोबाईल होता की खिशात!" असं तुम्ही म्हणाल. होता. पण हातात कॅमेरा असला की खिशातला मोबाईल आठवत नाही हो.

तर घरी आल्यावर तावातावाने 'प्रवासासाठी एकच लेन्स' शोधायला बसलो. म्हणजे १८-२०० वगैरे, जी जवळचंही काढते आणि लांबचंही. एक मित्र म्हणाला, "घेच, डोक्याला ताप नाही." दुसरा म्हणाला, "सगळं थोडं थोडं आणि धड काहीच नाही. पैसे वाया." आता धंद्याने सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे कुठलीही गोष्ट घेण्याआधी तिचा चेंजलॉग वाचायची सवय आहे. या लेन्सचा चेंजलॉग शोधता शोधता थेट १८४० पर्यंत गेलो.

सुरुवात आकडेमोडीपासून करायला हवी. लेन्स म्हणजे एक भिंग नव्हे, अनेक भिंगांची रांग. प्रत्येक पृष्ठभागावर प्रकाशाचा किरण वाकतो. तो नेमका किती वाकतो हे काढायचं, मग पुढचा पृष्ठभाग, मग पुढचा. असे कितीतरी किरण मोजले की कळतं, चित्र स्पष्ट येणार की नाही. १८४० साली व्हिएन्नात योसेफ पेट्झवाल या गणिताच्या प्राध्यापकाने पोर्ट्रेटसाठी लेन्स तयार केली, तेव्हा या आकडेमोडीसाठी त्याला चक्क ऑस्ट्रियन तोफखान्यातले, गणित येणारे सैनिक मदतीला दिले होते! 'कॉम्प्युटर' हा शब्द पूर्वी माणसासाठी वापरत असत, तो असा. ती लेन्स बनवली फोग्टलँडर कंपनीने. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

ही झाली साधी, एकाच फोकल लेंग्थची लेन्स. झूममध्ये नळीच्या आतली भिंगं पुढेमागे सरकतात. म्हणजे हीच आकडेमोड १८ ला करायची, ५० ला करायची, २०० ला करायची, आणि मधल्या टप्प्यांवरही. एका ठिकाणचा दोष काढला की दुसऱ्या ठिकाणी नवीन उपटतो. एक बग फिक्स करावा आणि तीन नवे निघावेत, अगदी तसंच. वर झूम करताना फोकसही हलता कामा नये.

एवढी कटकट आधी केली ती सिनेमा-टीव्हीवाल्यांनी. कारण उघड आहे. चालू शॉटमध्ये लेन्स बदलता येत नाही. १९३२ साली इंग्लंडच्या टेलर, टेलर अँड हॉब्सन कंपनीची 'कुक व्हारो' ही ४०-१२० मिमीची झूम सिनेमासाठी आली. पुढे मूळचे व्हिएन्नाचे आणि अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. फ्रँक बॅक यांनी 'झूमार' काढली, आणि १९४७ साली न्यूयॉर्कच्या टीव्हीवर बेसबॉलच्या प्रक्षेपणात ती वापरली गेली. विचार करा, चेंडू उडाला की कॅमेरामन मागे हटत नाही, जागचा हलतही नाही, आणि तरी अख्खं मैदान दिसतं. थोडक्यात, माझा हर्णैचा प्रॉब्लेम त्यांनी तेव्हाच सोडवला होता!

फोटोवाल्यांना मात्र १९५९ पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी ३५ मिमीच्या एसएलआर कॅमेऱ्यासाठी पहिली झूम आली, ३६-८२ मिमी, एफ/२.८. डिझाईन याच बॅक यांचं आणि विकणारी कंपनी? फोग्टलँडर! आत १४ भिंगं, आणि पुढचं तोंड एवढं मोठं की ९५ मिमीचा फिल्टर लागायचा. एवढं करून झूम किती, तर सव्वादोन पट. १९६३ साली निकॉनची ४३-८६ आली. दुप्पट झूम, पण आटोपशीर, त्यामुळे भरपूर खपली. सरळ रेषा वाकवण्यासाठी आणि यथातथा चित्रासाठी ती बदनामही झाली. म्हणजे 'सोय हवी की दर्जा' हे भांडण साठ वर्षांहून जुनं आहे.

दरम्यान तोफखान्याच्या सैनिकांची जागा यंत्रांनी घेतली होती. आणि इथे मला सगळ्यात मोठा धक्का बसला. जपानचा पहिला इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर कशासाठी बनला असेल? बँकेसाठी नाही, सैन्यासाठी नाही, तर लेन्सच्या आकडेमोडीसाठी. फुजी फोटो फिल्म कंपनीतल्या बुंजी ओकाझाकी यांनी सुमारे १,७०० व्हॅक्यूम ट्यूब वापरून, जवळजवळ एकट्याने, वर्षानुवर्षं खपून १९५६ साली 'फुजिक' उभा केला. आज तो टोकियोच्या विज्ञान संग्रहालयात आहे. आपल्या पेशाचं आणि माझ्या छंदाचं असं नातं निघेल असं वाटलं नव्हतं.

गणित स्वस्त झालं आणि झूम लांबत गेली. १९८५ साली किनो प्रिसिजनची 'किरॉन' २८-२१० आली. पण 'एकच लेन्स घेऊन फिरायला जा' ही कल्पना लोकांत खऱ्या अर्थाने रुजवली ती १९९२ साली टॅमरॉनच्या २८-२०० ने. लेन्स लहान, पण दोन मीटरच्या आतलं काही फोकसच होत नसे. म्हणजे माझी आई त्या लेन्समध्येही मावली नसती! :-) डिजिटलच्या काळात, २००५ साली निकॉनची १८-२०० आली, ५६० ग्रॅम आणि हाताची थरथर सावरणारी. २०१७ साली टॅमरॉनने १८-४०० काढली, म्हणजे २२ पट. २०२४ साली निकॉनची मिररलेससाठी २८-४००. आता तर वाकलेल्या रेषा कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअरच सरळ करून देतं. आधी कॉम्प्युटरने लेन्स बनवली, आता कॉम्प्युटर लेन्सच्या चुका पोटात घालतो.

मग तडजोड संपली का? नाही. फक्त सरकली. त्या २८-४०० चं तोंड लांबच्या टोकाला एफ/८ आहे. रेषा सरळ करता येतात, थरथर सावरता येते, पण नळीत शिरलाच नाही तो प्रकाश कुठलंही गणित आणू शकत नाही. माझ्याकडच्या साध्या ५० मिमी एफ/१.८ मधून जेवढा उजेड येतो, त्याचा जेमतेम दहावा हिस्सा एफ/५.६ मधून येतो. हर्णैला लिलाव रंगतो तो दिवस कलताना, हे विसरून चालणार नाही.

म्हणून 'चांगली की वाईट' हा प्रश्नच चुकीचा आहे असं माझं मत झालं. तुम्हाला काय हुकलेलं जास्त लागेल, हा खरा प्रश्न. पक्षी, देवळातला काळोख, रात्रीचं शहर हे तुमचं असेल तर वेगवेगळ्या लेन्स वागवा. माणसांबरोबर फिरत असाल, आणि ती माणसं तुमच्या लेन्स बदलण्यासाठी थांबणार नसतील, तर एकच लावा.

मी सेकंडहँड १८-२०० घेतली. कॅमेरा खाली धरला की तिची नळी आपोआप लोंबते, कोपरे थोडे मऊ येतात. चालायचंच. अंधार पडल्यावर लागेल म्हणून ५० मिमी बॅगेत आहेच.

आईला म्हटलं, पुन्हा हर्णैला जाऊ. ती म्हणाली, "जाऊ की. पण या वेळी मला थांब थांब म्हणायचं नाही."