खळ
खळ : गव्हाचे पीठ, मैदा किंवा चिंचोक्याची पूड पाण्यात शिजवून केलेले, कागद व कापड चिकटवण्याचे चिकटद्रव्य. पुस्तकबांधणीत ती जुनी आहे, सावंतवाडीच्या गंजिफांसाठी कापडाला चिंचोक्याची खळ देऊन वर लाखेचे रोगण चढवीत (पहा : गंजिफा, लाख). फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक घरोघरी रुळला आणि लाकडाच्या सांध्याला तो योग्यच आहे. दोन्ही पाणी उडून गेल्यावर धरतात. म्हणून दोन काचांमध्ये दोन्ही निरुपयोगी.

कागदकामाला मात्र खळच श्रेयस्कर, कारण ओलसर फडके ठेवले की सांधा फुगून सुटतो, पान फाटत नाही. वाळलेला पांढरा डिंक असा सहज सुटत नाही. खळीला कसर लागते हा आक्षेप खरा आहे. त्यावर मोरचूद घालतात, पण ते विषारी. मुलांच्या कामात ते नकोच. ताजी खळ पातळ लावून वजनाखाली पूर्ण वाळवल्यास धोका बराच घटतो. वरचा लेपही खळ पाहूनच निवडावा : पाण्यातले व्हार्निश तिला पुन्हा मऊ करू शकते, स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख तसे करत नाही. गरम पेल्याने लाखेवर पांढरा डाग पडतो, म्हणून तबकावर पॉलियुरेथेन बरे (पहा : रोगण).