ॲनफील्ड

ॲनफील्ड हे इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराच्या त्याच नावाच्या उपनगरात असलेले फुटबॉलचे स्टेडियम आहे. १८९२ पासून ते लिव्हरपूल एफ.सी. या क्लबचे घरचे मैदान असून अलीकडच्या विस्तारानंतर त्याची प्रेक्षकक्षमता ६१,००० च्या वर गेली आहे. प्रत्यक्ष सामना पाहण्यासाठी जगभरातून प्रेक्षक येतात अशा मोजक्या मैदानांत त्याची गणना होते. त्याची ख्याती मात्र वास्तूच्या सौंदर्यापेक्षा तेथे जमणाऱ्या प्रेक्षकांमुळे अधिक आहे.

इतिहास

१८८४ मध्ये मैदान सुरू झाले तेव्हा तेथे लिव्हरपूल नव्हे, तर एव्हर्टन हा क्लब खेळत असे. मैदानाचे मालक जॉन हाउल्डिंग हे मद्यनिर्मितीच्या व्यवसायातील धनिक होते. भाड्यावरून त्यांचे व क्लबचे बिनसले आणि १८९२ मध्ये एव्हर्टनने स्टॅनली पार्क या उद्यानापलीकडे, गुडिसन पार्क येथे, बस्तान हलवले. मैदान होते पण संघ उरला नाही, म्हणून हाउल्डिंग यांनी नवा क्लब स्थापन केला, तोच लिव्हरपूल. शहरातील या दोन क्लबांच्या प्रसिद्ध चुरशीचे मूळ असे एका भाडेवादात आहे.

कॉप

मैदानाच्या एका टोकाला, गोलच्या पाठीमागे, १९०६ मध्ये उभ्याने सामना पाहण्यासाठी पायऱ्यांचा उंच उतार बांधण्यात आला. त्याला ‘स्पायन कॉप’ हे नाव मिळाले. दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताळ प्रांतात या नावाची टेकडी आहे. नावाचा अर्थ ‘टेहळणीची टेकडी’ असा सांगता येईल. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात तेथे झालेल्या लढाईत लँकेशायर भागातील अनेक सैनिक मारले गेले व त्यांची स्मृती या नावात राहिली. याच लढाईत जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्या भारतीय शुश्रूषा पथकात मोहनदास गांधी होते, हे भारतीय वाचकास लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१९२८ मध्ये कॉपवर छप्पर आले. गोदी कामगार, कारखान्यांतील मजूर, शाळकरी मुले असा सुमारे २८,००० चा समुदाय येथे खांद्याला खांदा लावून उभा राहत असे. गोलजवळ चेंडू आला की गर्दीची लाट उताराने खाली येई आणि पुन्हा मागे हटे. सामन्यापूर्वी सर्वांनी मिळून ‘यू’ल नेव्हर वॉक अलोन’ हे गीत गाण्याची प्रथा १९६३ नंतर येथे रुजली. हे गीत मूळचे १९४५ च्या ‘कॅरूसेल’ या अमेरिकी संगीतिकेतील. लिव्हरपूलच्याच ‘गेरी अँड द पेसमेकर्स’ या वाद्यवृंदाने ते १९६३ मध्ये लोकप्रिय केले.

हिल्सबरो दुर्घटना आणि तिचे परिणाम

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डमधील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए कपचा उपांत्य सामना होता. बाहेर गर्दी वाढल्यावर पोलिसांनी एक मोठे फाटक उघडले. लोंढा बोगद्यातून थेट गोलमागच्या, आधीच भरलेल्या कुंपणबंद कप्प्यांत शिरला. पुढे लोखंडी जाळी होती. सामना सहाव्या मिनिटाला थांबवण्यात आला. या चेंगराचेंगरीत अखेरीस ९७ जण मरण पावले. त्यांतील सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता.

दोष प्रथम प्रेक्षकांच्याच माथी मारला गेला. मृतांच्या कुटुंबीयांना सत्य मान्य करवून घेण्यासाठी २७ वर्षे लढावे लागले. एप्रिल २०१६ मध्ये ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा मनुष्यवध असल्याचा निर्णय दिला व प्रेक्षकांच्या वर्तनाला दोषमुक्त ठरवले. ॲनफील्डच्या बाहेर मृतांच्या नावांचे स्मारक आहे. सामन्याला येणारे प्रेक्षक, प्रतिपक्षाचेही, तेथे फुले आणि गळपट्टे ठेवतात.

दुर्घटनेनंतर न्यायाधीश टेलर यांच्या अहवालानुसार इंग्लंडच्या वरच्या श्रेणींतील मैदानांवर सर्वत्र आसने बसवणे बंधनकारक झाले. जुन्या कॉपवरील शेवटचा सामना ३० एप्रिल १९९४ रोजी झाला. त्यात लिव्हरपूल नॉर्विच सिटीकडून ०–१ असे हरले. नव्या कॉपमध्ये सुमारे १२,००० आसने आहेत. सुरक्षितता निश्चितच वाढली. परंतु जागा निम्म्याहून कमी झाल्या आणि पुढील वर्षांत तिकिटेही महागली. आसनांमुळे गरीब प्रेक्षक बाहेर पडू नये अशी टेलर यांची अपेक्षा होती. ती पुरी झाली असे म्हणता येत नाही. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी ७७ पौंडांच्या प्रस्तावित तिकिटाच्या निषेधार्थ हजारो प्रेक्षक सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला उठून गेले. तेव्हा लिव्हरपूल सुंदरलंडविरुद्ध २–० असे पुढे होते. सामना २–२ असा सुटला. काही दिवसांतच क्लबने ही वाढ मागे घेतली.

सामना पाहणे

साखळी सामन्यांची साधी तिकिटे मुख्यतः क्लबच्या सदस्यांना मिळतात व त्यांनाही खात्री नसते. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या तिकिटांची अनधिकृत विक्री हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे रस्त्यावर तिकीट घेणे धोक्याचे ठरते. मैदान दिसेल अशा जागी मद्यपानास मनाई आहे. पाहुण्या संघाच्या समर्थकांना ॲनफील्ड रोडच्या टोकाला, म्हणजे कॉपच्या समोर, बसवले जाते. मैदानाला लागून रेल्वे स्थानक नाही. लाइम स्ट्रीट या मुख्य स्थानकापासून अंतर सुमारे तीन किलोमीटर असून अनेक प्रेक्षक बसने किंवा पायी येतात. सामना नसलेल्या दिवशी मार्गदर्शकासह मैदान आणि क्लबचे संग्रहालय पाहता येते. खेळाडूंच्या मार्गावरील ‘धिस इज ॲनफील्ड’ ही पाटीही तेव्हा जवळून दिसते.