कानाच्या टप्प्यापलीकडे : घरगुती यंत्रांच्या दूरस्थ सूचनेचा इतिहास

घरगुती यंत्रांच्या इतिहासात यंत्राने केलेल्या कामाचा विचार पुष्कळ झाला आहे. ते काम संपण्याची वाट पाहणाऱ्या माणसाचा विचार त्या मानाने थोडाच झालेला दिसतो. १९३७ साली अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने धुणे, खळबळणे व पिळणे या क्रिया एकापाठोपाठ स्वतःच करणारे घरगुती वॉशिंग मशीन लोकांपुढे आणले. धुणे संपल्याचे कळण्यासाठी मात्र आसपासच थांबणे भाग होते. पुढे यंत्रांना बझर जोडले गेले, तरी त्यांचा पल्ला कानाच्या टप्प्याएवढाच राहिला. आपल्याकडे कुकरच्या शिट्ट्या मोजणारी गृहिणी शेजारच्या खोलीत जाऊ शकते, बाजारात नाही, तसाच हा प्रकार होय. यंत्रे आल्यावरही गृहिणीच्या कामाचे तास अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत, असे प्रतिपादन रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी 'मोअर वर्क फॉर मदर' (१९८३) या ग्रंथात केले आहे. यंत्रापाशी अडकून पडणे हा त्या कामाचाच न मोजलेला भाग मानावयास हरकत नसावी.

हे बंधन सैल करण्याचे सुरुवातीचे गाजलेले प्रयत्न घरात झाले नाहीत, ही बाब लक्षणीय आहे. १९८२ च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात शीतपेयाचे यंत्र संगणकाला जोडण्यात आले. बाटल्या आहेत की नाहीत आणि त्या पुरेशा थंड झाल्या की नाहीत, हे खोलीत बसून विचारता येऊ लागले. त्याहून प्रसिद्ध उदाहरण केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतील कॉफीच्या भांड्याचे. ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर ठेवलेल्या या भांड्यापर्यंत दुसऱ्या मजल्यांवरून यावे आणि ते रिकामे आढळावे, असे वारंवार घडे. १९९१ मध्ये त्यावर एक कॅमेरा रोखण्यात आला. पॉल जार्डेट्झ्की यांनी चित्र पाठविणारी आणि क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी ते पडद्यावर दाखविणारी आज्ञावली लिहिली. चित्र कृष्णधवल, अवघे १२८ गुणिले १२८ बिंदूंचे आणि मिनिटाला सुमारे तीनदा बदलणारे होते; कॉफी भरण्याच्या वेगाला तेवढे पुरे होते. १९९३ मध्ये ते वेबवर आले आणि कॉफीशी काडीचाही संबंध नसलेले जगभरचे लोक ते पाहू लागले. २२ ऑगस्ट २००१ रोजी कॅमेरा बंद झाला. भांडे लिलावात ३,३५० पौंडांना 'श्पीगेल' या जर्मन नियतकालिकाच्या ऑनलाइन आवृत्तीने घेतले.

या दोन्ही प्रयोगांत यंत्र आपणहून काही सांगत नव्हते. विचारले तर उत्तर, पाहिले तर चित्र. चकरा वाचल्या, पण लक्ष ठेवण्याचे काम माणसाकडेच राहिले. शिवाय उत्तर मिळत होते ते टेबलावरच्या संगणकावर, म्हणजे ज्यांचे कामच संगणकासमोर बसण्याचे होते त्यांना. संशोधकांच्या गैरसोयीवर उपाय लवकर निघाला. स्वयंपाकघरातील ताटकळण्यावर तो निघण्यास आणखी दोन दशके लागली, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

सूचना माणसाच्या मागे जाण्यासाठी ती ग्रहण करणारे साधन त्याच्या अंगावर असणे आवश्यक होते. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी पाठविला गेला. ॲपलने २००९ मध्ये आयफोनवरील ॲपना न उघडताही सूचना पोहोचविण्याची सेवा सुरू केली. त्यानंतरच्या दशकात वायफाय असलेली वॉशिंग मशीन सर्रास विक्रीस आली. जुन्या यंत्रांसाठी वीज मोजणारा प्लग वापरला जातो. विजेचा वापर ठराविक पातळीखाली गेला की धुणे संपले, असा त्यामागील तर्क. पण कपडे भिजत ठेवण्याच्या टप्प्यातही मोटर थांबते. म्हणून वापर काही मिनिटे सलग खालीच राहिला, तरच संदेश धाडावा लागतो. घरातली अनुभवी बाई आवाजावरून जो फरक ओळखते, तोच यंत्राला असा मिनिटे मोजून शिकवावा लागला.

ही सूचना कार्यालयात वा लोकलच्या डब्यात मिळाली, तरी ओले कपडे मशीनमध्येच असतात. ते वाळत घालण्यासाठी घरी कोणीतरी असावेच लागते, आणि संदेश कोणाच्या फोनवर यावा हे ठरविताना घरोघरी बहुधा पूर्वीचेच नाव पुढे येते.