टाळूच्या खिडकीतून

बाळाची टाळू भरताना आजी ज्या मऊ जागेला जपते, तिथे हाड नसते. सायखेड्याच्या आजीला हे ठाऊक असते. डॉक्टरांनी त्याचा उपयोग केला तो मात्र १९७० च्या दशकाच्या अखेरीस. ध्वनिलहरी हाडातून नीट जात नाहीत, म्हणून सोनोग्राफीचे उपकरण टाळूवरच टेकवले आणि नवजात बाळाचा मेंदू पडद्यावर दिसू लागला.

तोवर शंभर वर्षे नुसता वाद चालला होता. हातपाय ताठ झालेल्या मुलांचे मूळ अवघड बाळंतपणात आणि गुदमरण्यात आहे, असे लंडनच्या डॉ. विल्यम लिटल यांनी १८६१ साली मांडले. १८९७ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी (हो, तेच, मूळचे ते मज्जासंस्थेचे डॉक्टर) उलटी शंका काढली: बिघाड गर्भातच झालेला असेल आणि अवघड बाळंतपण हे त्याचेच लक्षण असेल तर? हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. आपल्याकडे त्याचा निकाल बहुधा आईच्या माथी मारला जातो.

एमआरआयने यात काळाचा हिशेब आणला. प्राणवायू तुटला की पेशी फुगतात, त्यांतल्या पाण्याच्या रेणूंची हालचाल मंदावते. ही खूण पहिल्या काही दिवसांत ठळक दिसते आणि आठवड्याभरात पुसट होत जाते. उलट पहिल्याच दिवसांत जुना व्रण दिसला, तर इजा जन्माआधीची. लंडन आणि युट्रेख्ट येथील २००३ च्या अभ्यासात, जन्मताच मेंदूची लक्षणे दिसणाऱ्या पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी ८० टक्के बाळांत इजा ताजी होती. जुनी इजा एक टक्क्याहून कमी बाळांत. लिटल जिंकले म्हणावे, तर सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांपासून मागे गेल्यास बहुतेकांच्या जन्मात गुदमरल्याची नोंदच सापडत नाही. आमच्या मते दोघांनी वेगवेगळी मुले पाहिली होती.

उपचाराचे काय? बाळाला ७२ तास थंड ठेवण्याचा उपाय श्रीमंत देशांत उपयोगी ठरला. भारत, श्रीलंका, बांगलादेशातील ४०८ बाळांवर त्याची चाचणी झाली. २०२१ साली निष्कर्ष आला: थंड ठेवलेल्यांपैकी ४२ टक्के दगावली, इतरांपैकी ३१ टक्के.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९६ पासून ३९ गावांत आरोग्यदूत महिलांना न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायला शिकवले. आधी नळी-मुखवटा, पुढे पिशवी-मुखवटा. गुदमरून होणारे मृत्यू सुमारे दोन-तृतीयांशाने घटले. तिथे एमआरआय नव्हता.