जालियनवाला बागेतील बोळ

हत्याकांडाच्या जागी जाणारा माणूस शोक, संताप, क्वचित शरमही आधीपासूनच मनाशी धरून निघतो. प्रत्यक्ष अनुभवापूर्वी त्याच्याविषयी बांधलेल्या या अंदाजाला 'अपेक्षित भावना' म्हणता येईल. अमृतसरच्या जालियनवाला बागेबाबत असा अंदाज बांधून देण्याचे काम स्मारकाच्या कितीतरी आधी सुरू झाले होते.

१३ एप्रिल १९१९ रोजी, वैशाखीच्या दिवशी, ब्रिगेडियर-जनरल डायरच्या शिपायांनी तेथे कोंडलेल्या जमावावर १६५० फैरी झाडल्या. सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसे मेली, तर काँग्रेसच्या चौकशी समितीने, जिच्यात गांधींबरोबर मुंबईचे मुकुंदराव जयकरही होते, ही संख्या हजाराच्या घरात मानली. नावाने बाग असली तरी ती घरांच्या पाठभिंतींनी वेढलेली ओसाड जागा होती. १९२० मध्ये ती विकत घेण्यासाठी वर्गणी गोळा होऊ लागली, तेव्हा स्मारक इंग्रजांविषयीचा द्वेष तेवता ठेवण्यासाठी नसावे, असा आग्रह गांधींनी धरला. म्हणजे पाहुण्याने काय वाटून घ्यावे आणि काय घेऊ नये, याचा वाद पहिली वीट बसण्यापूर्वीच उभा राहिला होता.

अमेरिकी वास्तुरचनाकार बेंजामिन पोक यांनी आखलेल्या, ज्योतीच्या आकाराच्या स्तंभाचे उद्घाटन १९६१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले, आणि भोवती हिरवळ आल्यामुळे बाग खरोखरच बाग झाली. तरीही पाहुण्यावर सर्वाधिक परिणाम करणारी गोष्ट कोणी घडवलेली नव्हती: ती म्हणजे आत जाण्याचा अरुंद, उघड्या विटांचा बोळ. डायरच्या चिलखती गाड्या त्याच्या अरुंदपणामुळेच बाहेर अडल्या होत्या आणि शिपाई मात्र त्यातूनच आत शिरले होते. त्यामुळे मृतांसाठी हळहळायला आलेला माणूस नकळत मारेकऱ्यांच्या वाटेने चालत असे, आणि ही अस्वस्थता कोणत्याही फलकाला साधली नसती.

२०२१ च्या नूतनीकरणात या बोळाच्या भिंतींवर हसऱ्या, जिवंत माणसांची उठावशिल्पे बसवली गेली. पाहुण्याने आता वैशाखीच्या गर्दीबरोबर आत यावे, असा त्यामागचा विचार दिसतो, आणि तो अगदीच निरर्थक नाही. मात्र इतिहासकारांनी या बदलावर कडक टीका केली, कारण ज्या भिंतींना सजावटीची गरज नव्हती त्याच झाकल्या गेल्या.