कागदावरची साक्ष

लैंगिक गुन्ह्यांच्या खटल्यांतली अपिले अभ्यासायला कायद्याची पदवी नसली तरी अडत नाही. सावकाश वाचायची तयारी मात्र हवी. कारण असे अपील म्हणजे खटला पुन्हा चालवणे नव्हे. उच्च न्यायालयात पीडिता सहसा पुन्हा पिंजऱ्यात उभी राहत नाही. तिथे पोहोचते ते पेपरबुक: फिर्याद, पंचनामे, वैद्यकीय अहवाल, सरतपासणी, उलटतपासणी आणि खालचा निकाल. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल महत्त्वाचे वाटेल ते न्यायाधीशांनी टिपून ठेवावे, असे कायदा सांगतो. ते टिपले गेले नाही, तर तिचे रडणेही वर जात नाही.

महाराष्ट्रात आणखी एक पायरी आहे. सत्र न्यायालयात साक्ष मराठीत होते, उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. ‘त्याने माझ्यासोबत वाईट काम केले’ एवढे बोलून एखादी मुलगी गप्प होते. तिच्या लेखी सगळे सांगून झालेले असते. अपिलात मात्र, एवढ्या शब्दांवरून नेमका कोणता गुन्हा सिद्ध होतो, यावर वाद झडतो. सरकारी वकिलाने त्याच वेळी हळुवारपणे एक प्रश्न जास्त विचारला असता, तर तो वाद उरला नसता.

सुरुवात देसाईगंज पोलीस ठाण्याच्या खटल्यापासून करावी, असा माझा आग्रह आहे. मार्च १९७२ मधली रात्र, ठाण्यात एकटी थांबवून घेतलेली आदिवासी मुलगी, बाहेर तिची वाट पाहणारे नातेवाईक. तिच्यावर अत्याचार केल्याचा आरोप ठाण्यातल्या दोन पोलिसांवर होता; चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांनाही सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरवला: भीतीपोटी निमूट राहणे ही संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोघांना पुन्हा निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केल्याचे न्यायालयाला पटले नाही. साक्ष तीच होती. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८३ मध्ये कायदा बदलला आणि कोठडीतल्या बलात्काराबाबत, संमती नव्हती हे पीडितेचे म्हणणे गृहीत धरण्याची तरतूद आली. नागपूरचे वाचन बरोबर होते, असे माझे ठाम मत आहे.

त्याच खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये पॉक्सोच्या, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांना संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, एका अपिलात, त्वचेला त्वचा लागल्याशिवाय ‘लैंगिक हल्ला’ होत नाही, असा अर्थ लावला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये तो खोडून काढला. तिथे प्रश्न साक्षीचा नव्हता, कायद्यातल्या एका शब्दाचा होता.

आरोपीचा अपिलाचा हक्कही तितक्याच आस्थेने अभ्यासा. खालच्या कोर्टात निर्दोष सुटलेल्याच्या बाजूचे गृहीतक अपिलात अधिक बळकट होते, आणि ते योग्यच आहे. सुटकेविरुद्ध स्वतः अपील करण्याचा हक्क पीडितेला २००९ च्या अखेरीस मिळाला; तोवर तिला सरकारच्या निर्णयाकडे डोळे लावून बसावे लागे.

इथे मुलींची नावे दिलेली नाहीत, खटले गावावरून किंवा वर्षावरून ओळखले आहेत. तुम्हीही तुमच्या टिपणांत तसेच करा. पीडितेची ओळख छापणे १९८३ पासून गुन्हा आहे.