आजीची माळ आणि हार्वर्डचे डॉक्टर

मंडळी, मागच्या वर्षी मला बीपीची गोळी सुरू झाली. वर इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज थोडं मेडिटेशन करा. आजी माळ घेऊन बसायची तेव्हा आम्ही हसायचो, ते आठवलं.

पण हे डॉक्टरांच्या तोंडी आलं कसं? हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन हे हृदयविकारतज्ज्ञ. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते माकडांच्या रक्तदाबावर प्रयोग करत होते. महर्षी महेश योगींकडचं ध्यान शिकलेली काही मंडळी त्यांच्याकडे गेली: आम्हाला तपासा. बेन्सननी चक्क नकार दिला! त्या काळी असल्या विषयाला हात लावणं म्हणजे नाव घालवणंच. पण ही मंडळी चिकट. शेवटी मोजमाप झालं. ध्यानात बसल्यावर शरीराला ऑक्सिजन कमी लागत होता, श्वास मंदावत होता. गंमत म्हणजे रक्तदाब ध्यानाआधी, ध्यानात आणि नंतरही जवळपास तेवढाच, मुळातच कमी.

१९७५ मध्ये त्यांचं 'द रिलॅक्सेशन रिस्पॉन्स' आलं. कृती साधीच: डोळे मिटून बसा, श्वास सोडताना मनात एक शब्द म्हणा, मन भरकटलं तर न चिडता परत आणा. दहा ते वीस मिनिटं. जेवणानंतर दोन तास मात्र नको. (आमचं घोडं इथेच अडतं!)

त्यांनी सुचवलेला शब्द होता 'वन'. आठवडाभर म्हणून पाहिला, जमेना. आता 'विठ्ठल' म्हणतो, सकाळी चहाच्या आधी, दहा मिनिटं. गोळी चालूच आहे.